जुने फोटो ऑनलाइन टाकले, तरी त्यांची माणसं का सापडत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आत्या गेल्यावर तिच्या कपाटातून एक पत्र्याची पेटी निघाली. तीत तीनेकशे फोटो. काहींच्या पाठीवर लिहिलेलं, बाकीचे कोरे. त्यांतले 140 फोटो स्कॅन करून दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना बघता येतील असे ऑनलाइन ठेवले. 'यांचे वंशज कुणी असाल तर कळवा' असंही लिहिलं. वाहवा पुष्कळ झाली, वंशज एकही आला नाही. कुठे चुकलं, आणि उरलेल्या फोटोंचं काय करावं?

मी गेली बावीस वर्षं लोकांचे घरगुती फोटोसंग्रह लावून देते, त्यांतली नावं शोधते आणि जमेल तेव्हा फोटो त्या त्या माणसांच्या घरी पोचवते. तुमचे सगळे फोटो मी पाहिले. स्कॅनिंगमध्ये दोष नाही, काही तर सुरेख उतरलेत. गडबड आहे ती फोटोंखालच्या ओळींत. 'आजोबांचा ग्रुप', 'आत्या लहानपणी', 'गेले ते दिवस'. ज्या पणतीला यातला एखादा फोटो हवा आहे, ती शोधायला बसल्यावर काय टाइप करेल? 'आजोबांचा ग्रुप' तर नक्कीच नाही. आजोबा तुमचे. पणजोबांचा चेहरा कसा होता हे तिला माहीतच नाही, म्हणून तर ती शोधतेय. तिच्या हातात एक नाव आहे, फार तर एक गाव आणि एक साल. ते नाव तुमच्या फोटोखाली नसेल, तर दोघांची गाठ पडायची कशी?

या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट 1863 सालची आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईनंतर एका सैनिकाचा मृतदेह सापडला. ओळख पटेल असं जवळ काही नव्हतं, हातात मात्र काचेवरचा एक फोटो होता, तीन मुलांचा. तो पुढे जॉन बोर्न्स नावाच्या डॉक्टरांकडे आला. वर्तमानपत्रात फोटो छापायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून 19 ऑक्टोबर 1863 च्या 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'मध्ये फोटोचं नुसतं वर्णन आलं. दोन मुलगे आणि एक मुलगी, वयं अंदाजे नऊ, सात आणि पाच. धाकटा मधोमध उंच खुर्चीत. थोरल्याचा शर्ट बहिणीच्या झग्याच्याच कापडाचा. इतर पत्रांनी तो मजकूर उचलला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी फिलिंडा ह्युमिस्टन या बाईंपर्यंत तो पोचला. असाच एक फोटो त्यांनी युद्धावर गेलेल्या नवऱ्याला पाठवला होता. नोव्हेंबरात फोटोची प्रत त्यांच्या हाती पडली आणि आपला नवरा, 154 व्या न्यूयॉर्क पायदळ पलटणीतला सार्जंट एमॉस ह्युमिस्टन, आता नाही हे त्यांना कळलं.

बाईंनी ओळखलं तेव्हा फोटो त्यांच्या समोर नव्हता. होते ते शब्द, आणि शब्द कुणीतरी नीट बघून लिहिलेले होते. शर्ट आणि झगा एकाच कापडाचे आहेत हे ज्याने टिपलं, त्याला मी या धंद्यातला पहिला गुरू मानते.

आता तुमच्या पेटीकडे येऊ. पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट उतरवायचा हे पहिलं काम. पण तेवढ्याने भागत नाही. तुमच्याच एका फोटोवर आहे, 'बेबी आणि मी, मावशीकडे, ताई जायच्या आधी.' यात चार माणसं आहेत आणि नाव एकाचंही नाही. नात्याचा शब्द लिहिणाऱ्याच्या जागेवरून लिहिलेला असतो. लिहिणारा गेला की 'ताई' कुणाची, 'मी' कोण, सगळंच अधांतरी. म्हणून आधी हे शोधा की अक्षर कुणाचं. मला तुमच्या स्कॅनमध्ये तीन हस्ताक्षरं दिसली. एक बारीक, उजवीकडे झुकलेलं, पेन्सिलीचं. एक शाईचं, जाड. एक बॉलपेनचं, मोठं आणि सुटं सुटं. जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या, पुस्तकांच्या पहिल्या पानावरच्या सह्या काढा आणि शेजारी ठेवून जुळवा. पेन्सिलवाली व्यक्ती कोण हे एकदा ठरलं, की तिच्या 'ताई', 'मावशी', 'बेबी' या सगळ्यांची नावं एका फटक्यात लागतात. बॉलपेन सर्रास मिळू लागला तो 1945 नंतर. म्हणजे त्याआधीच्या फोटोवर बॉलपेनने लिहिलेलं दिसलं, तर ते मागाहून आठवून लिहिलेलं आहे. खोटं असेल असं नाही, पण साक्ष दुसऱ्या दर्जाची.

फोटो क्रमांक 37 घ्या. खाली तुम्ही लिहिलंय 'आत्या शाळेत'. पण मला पाठवलेल्या निरोपात तुम्हीच सांगितलंत की याच्या पाठीवर आठ मुलींची पूर्ण नावं आहेत. मग पाठ ऑनलाइन का नाही? आठ घरांच्या किल्ल्या पेटीतच राहिल्या की! मी असती तर खाली असं लिहिलं असतं: 'मुलींच्या शाळेचा गटफोटो, 22 मुली, 2 शिक्षिका. मधल्या रांगेत, बघणाऱ्याच्या डावीकडून चौथी आमची आत्या', पुढे तिचं लग्नाआधीचं आणि नंतरचं पूर्ण नाव, जन्मसाल. मग पाठीवरची आठही नावं, ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. मग शाळेचं आणि गावाचं नाव. काळ कोणता आणि तो कशावरून ठरवला. कोणत्या मुलींना ओळखता आलं नाही. आणि शेवटी, मूळ फोटो कुणाकडे आहे. 'बघणाऱ्याच्या डावीकडून' हे शब्द मी मुद्दाम वापरते. नुसतं 'डावीकडून' लिहिलं की निम्मे लोक फोटोतल्या माणसाची डावी बाजू धरतात आणि शिक्षिका विद्यार्थिनी होऊन बसते.

नाव लिहायचं म्हणजे एकदा लिहून मोकळं व्हायचं असं नाही. बाईचं लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं आडनाव, घरात हाक मारायचे ते नाव, कागदोपत्री असलेलं नाव, सगळं द्या. परदेशी गेलेल्या घरांत आडनावाचं स्पेलिंग दोन पिढ्यांत तीनदा बदललेलं मी पाहिलंय. जितकी रूपं माहीत आहेत तितकी लिहा. दोन लिप्यांत लिहा हेही आवर्जून सांगते. पूर्वजांची भाषा वाचता न येणारी नातवंडं हेच तुमचे सगळ्यात उत्सुक वाचक असतात, आणि ती रोमन लिपीत शोधतात. गावाचं नाव बदललं असेल तर जुनं आणि नवं दोन्ही हवं.

पाठीला लोक इतकं कमी का लेखतात ते मला कळत नाही. पुढची बाजू चेहरा दाखवते. साल, गाव आणि कधी कधी नाव सांगते ती मागची बाजू. स्टुडिओचं नाव आणि पत्ता असेल तर त्या शहराच्या जुन्या व्यवसाय-निर्देशिका चाळायच्या. स्टुडिओ जागा बदलत, भागीदार बदलत, आणि पत्ता कोणत्या सालांत छापला गेला यावरून फोटोचा काळ चार-पाच वर्षांच्या फटीत बसतो. पाठीवर हाताने घातलेला आकडा दिसला तर तो बहुधा निगेटिव्हचा क्रमांक. त्याच स्टुडिओचा जवळच्या क्रमांकाचा, तारीख असलेला फोटो दुसऱ्या कुणाकडे सापडला, की आपला काळही कळला. अमेरिकेतल्या फोटोच्या पाठीवर महसुली तिकीट चिकटवलेलं असेल तर देवच पावला म्हणायचं. फोटोंवरचा तो कर 1864 ते 1866 या दोनच वर्षांत होता.

फोटो कशावर आहे यावरूनही बरंच कळतं. आरशासारखा चकाकणारा, तिरका धरला की निगेटिव्हसारखा दिसणारा फोटो म्हणजे डॅगेरोटाइप. ही पद्धत 1839 मध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि 1860 च्या सुमारास मागे पडली. त्याला फडकं लावू नका, हवेने उडेल इतका नाजूक थर असतो तो, साफसफाई संवर्धनतज्ज्ञावर सोडा. लोहचुंबक जवळ नेल्यावर ओढ जाणवली तर टिनटाइप. नावात टिन असलं तरी पत्रा लोखंडाचाच. साधारण 64 बाय 100 मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला छोटा फोटो म्हणजे कार्त द व्हिझित. याचं पेटंट दिस्देरी या पॅरिसच्या छायाचित्रकाराने 1854 मध्ये घेतलं. त्याहून मोठं, साधारण 108 बाय 165 मिलिमीटरचं, ते कॅबिनेट कार्ड, 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचं. गोल चकतीसारखा फोटो निघाला तर 1888 चा पहिला कोडॅक कॅमेरा किंवा त्याचा लगेचचा भाऊ. आणि 1914 ते 1932 या काळात कोडॅकने असे कॅमेरे विकले की मागची छोटी झडप उघडून सळईने फिल्मवरच लिहिता येई. प्रिंटच्या कडेला पांढऱ्या-काळ्या हस्ताक्षरात तारीख किंवा नाव दिसलं तर ते फोटो काढणाऱ्याने तिथल्या तिथे लिहिलेलं. त्याच्यापुढे बाकी सगळे तर्क गप्प. याउलट, विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या प्रिंटांच्या पांढऱ्या कडेवर छापील महिना आणि साल असतं ना, ते प्रिंट धुतल्याचं. रोल कॅमेऱ्यात सहा-सहा महिने पडून राहायचा. कडेवर जानेवारी आणि फोटोत पोरं उन्हात पाण्यात डुंबतायत, असं दिसलं की गोंधळू नका.

दोन सापळे सांगून ठेवते. डॅगेरोटाइप आणि टिनटाइप आरशातल्यासारखे उलटे असतात. डावा हात उजवा दिसतो, बटणं उलट बाजूला जातात. बिली द किड हा कुप्रसिद्ध बंदूकबाज डावखुरा होता असं कित्येक वर्षं लोक मानत होते, ते एका उलट्या टिनटाइपमुळे. तेव्हा अंगठी कोणत्या हातात आहे यावरून कुणाचं लग्न लावून टाकू नका. दुसरा सापळा म्हणजे फोटोचा फोटो. जुना डॅगेरोटाइप खराब होऊ लागला की घरचे लोक वीस-तीस वर्षांनी स्टुडिओत नेऊन त्याची पुठ्ठ्यावरची प्रत काढून घेत. पुठ्ठा 1880 चा, कपडे 1850 चे. अशा वेळी आजीला तिच्याच मुलीचं नाव चिकटतं. पुठ्ठा आणि कपडे यांचा काळ जुळत नसेल तर आधी हा संशय घ्या.

जाता जाता आणखी एक. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या फोटोंत झगा घातलेलं चार वर्षांचं मूल म्हणजे मुलगीच असं नसतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत लहान मुलग्यांनाही झगे घालत. आणि पायांमागे लोखंडी स्टँडचा तळ दिसला की 'हा मेलेल्या माणसाचा उभा केलेला फोटो' अशी अफवा पसरते, तीही खोटी. ते स्टँड जिवंत माणसाला काही सेकंद न हलता उभं राहता यावं म्हणून होते. प्रेताचं वजन त्यांना पेललंच नसतं. मृतांचे फोटो काढत, नाही असं नाही, पण ते निजलेले किंवा कुणाच्या मांडीवर.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात. 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके), रंगीत मोडमध्ये, फोटो कृष्णधवल असला तरी. जुन्या प्रिंटचा तपकिरी रंग, पिवळा डाग, शाईचा निळेपणा हाही पुरावाच आहे. 4 बाय 6 इंचाचा फोटो अशा रीतीने 2400 बाय 3600 पिक्सेलचा होतो, टिफ फाइल साधारण 26 एमबीची. टपाल तिकिटाएवढे इवलेसे फोटो 1200 वर करा. टिफ, म्हणजे पूर्ण तपशिलाची मोठी फाइल, घरी ठेवा; जेपेग, म्हणजे आटोपशीर फाइल, वाटा. तुम्ही 140 फोटोंच्या स्कॅनच्या कडा कापून ते ऑनलाइन ठेवलेत, तेवढं मात्र पुन्हा करा. स्टुडिओचं दाबून उमटवलेलं, बिनशाईचं नाव अनेकदा खालच्या कडेवरच असतं, आणि सरळ उजेडात ते दिसत नाही. बाजूने तिरपा दिवा धरून मोबाइलने वेगळा फोटो घ्या.

अल्बम असेल तर एकही फोटो न काढता आधी पानंच्या पानं टिपून घ्या. कुणाशेजारी कुणाला चिकटवलंय हेही कुणीतरी विचार करूनच ठरवलेलं असतं. गोंदाच्या पट्ट्या आणि वर प्लॅस्टिकचा पडदा असलेले अल्बम असतात, त्यांच्याशी झटापट करू नका. सुरुवातीच्या काळात मी एका बाईंच्या लग्नाचा एकुलता एक फोटो अशा पानावरून उपटायला गेले आणि कोपऱ्यात उभ्या माणसाचा चेहरा गोंदालाच राहिला. तो माणूस कोण होता हे आजतागायत कळलेलं नाही. आता मी दात साफ करायचा मेणाचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवते, आणि सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करून गप्प बसते.

लिहिलेलं फोटोला चिकटून राहील याची सोय करायला हवी. फाइलच्या आत दडलेल्या माहितीत, म्हणजे मेटाडेटात, कॅप्शन लिहिणं उत्तम, मीही लिहिते. पण बहुतेक सोशल मीडिया आणि मेसेजिंग ॲप फोटो चढवताना ती माहिती पुसतात, फाइलचं नाव बदलतात आणि फोटो आकसतात. तीन माणसांकडून पुढे गेलेला फोटो म्हणजे पुन्हा अनामिक चेहरा. म्हणून माझी जुनी युक्ती: वाटायच्या प्रतीला खाली एक पांढरी पट्टी जोडायची आणि नाव, गाव, काळ, मूळ फोटो कुणाकडे आणि तुमचा संपर्क एवढं त्या पट्टीवर लिहायचं. फोटोवर काही नाही, फोटोखाली. कापून टाकणारे टाकतील, पण बहुतेकांना तेवढा उत्साह नसतो. चेहऱ्यांवरून आडवा वॉटरमार्क मात्र मारू नका. ज्या नाकाचा आकार बघून कुणी म्हणणार आहे 'अगं, हे तर आपले बाबा', त्याच नाकावर तुम्ही आपलं नाव छापताय.

खात्री आणि अंदाज यांच्यातली रेघ मोठ्या अक्षरात हवी. हा धडा मला महाग पडला. एका फोटोखाली मी लिहिलं होतं, 'बहुधा थोरले बंधू'. दोन-तीन वर्षांनी बघते तर तो फोटो अकरा जणांच्या वंशवृक्षांत, आणि 'बहुधा' सगळीकडून गळालेलं. पुढे घरच्या पत्रांवरून कळलं की तो माणूस बंधू नव्हे, चुलतभाऊ. अकराही जणांना लिहिलं. चौघांनी दुरुस्त केलं, दोघांनी माझ्याशीच वाद घातला, बाकीच्यांचं उत्तर नाही. तेव्हापासून मी अंदाजाचं नाव नावाच्या जागी लिहीतच नाही. तिथे 'अनोळखी पुरुष, वय सुमारे 30' असंच राहतं. अंदाज कारणासकट खालच्या मजकुरात.

हल्ली संगणकाकडून फोटो 'सुधारून' घ्यायची लाट आहे, तिच्याबद्दलही माझं मत कडक आहे. डाग काढणं, फिकेपणा घालवणं ठीक. पण धूसर चेहऱ्यावर जे कोरीव डोळे आणि पापण्या उगवतात, त्या यंत्राने इतर हजारो चेहरे बघून कल्पिलेल्या असतात. तो चेहरा तुमच्या पणजीचा नसतो. रंग भरलेली प्रत लोकांना आवडते, लक्ष वेधते, जरूर टाका, पण मूळ प्रत तिच्या आधी आणि 'रंग काल्पनिक' हे शब्द पट्टीवर. चेहरे जुळवणाऱ्या सोयीही धागा म्हणून वापरा, निकाल म्हणून नाही. बहिणी-बहिणी आणि बाप-लेक त्यांना हटकून चकवतात.

फोटो ठेवायचे कुठे? एकाच ठिकाणी नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर विनामूल्य खातं उघडून फोटो थेट मृत व्यक्तीच्या नोंदीला जोडता येतो, आणि तिथे येणारा प्रत्येक जण पूर्वजच शोधत असतो. विकिट्री हा सगळ्यांनी मिळून वाढवायचा एकच वंशवृक्ष आहे. फाइंड अ ग्रेव्हवर थडग्यांच्या नोंदींना फोटो जोडतात, अर्थात जिथे दफन झालं त्यांच्यासाठी. ओळख न पटलेले जुने फोटोही जिथे ठेवता येतात असं डेडफ्रेड नावाचं संकेतस्थळ आहे. आणि त्या त्या गावचं वाचनालय, शाळा, इतिहास मंडळ यांना विसरू नका. क्रमांक 37 मधल्या आठ मुलींसाठी शाळेचे माजी विद्यार्थी हेच पहिलं दार. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी 2008 मध्ये फ्लिकर कॉमन्स या फोटोंच्या संकेतस्थळावर जुने फोटो मोकळे केले, तेव्हा लोकांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून माणसांची, जागांची, प्रसंगांची ओळख पटवून दिली. त्यांना ते जमलं, कारण प्रत्येक फोटोखाली क्रमांक होता, मूळ मजकूर होता आणि उत्तर लिहायला जागा होती.

संपर्काचा पत्ता टिकाऊ ठेवा. मी एकदा जो ईमेल दिला होता तो पुढे वापरणं सोडलं. सहज उघडला तेव्हा चार वर्षांपूर्वीचं एक पत्र दिसलं: 'खुर्चीत बसलेल्या माझ्या आई आहेत, त्या आता 91 वर्षांच्या आहेत, त्यांना हा फोटो दाखवायचा आहे.' मी लगेच उत्तर दिलं. पलीकडून काही आलं नाही. या कामासाठी वेगळा पत्ता काढा आणि तो घरातल्या आणखी एकाला वापरता यावा असं करा. उत्तरं दोन वर्षांत येत नाहीत म्हणून खट्टू होऊ नका, मला आठव्या, दहाव्या वर्षी आलेली आहेत.

हयात माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय नाही. पूर्ण जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव हे दोन्ही आजही ओळख पटवायला विचारतात, तेव्हा हयातांबाबत ते टाळा. फोटो मोबाइलने काढून ऑनलाइन टाकत असाल तर त्यात तुमच्या घराचं स्थान नोंदलेलं असू शकतं, ते आधी काढा. तुरुंग, मनोरुग्णालय, घरातून निघून गेलेली मुलगी अशा गोष्टी पाठीवर लिहिलेल्या निघतात. त्या पुसू नका, पण जगासमोर टांगायच्या आधी त्या माणसाच्या जवळच्यांना सांगा. कॉपीराइट साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा असतो, पेटी ज्याच्याकडे आहे त्याचा नाही. मुदत देशागणिक वेगळी असते. एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओ फोटोंबाबत क्वचितच अडचण येते, अलीकडच्यांबाबत विचारून घ्या.

कोऱ्या पाठींचे दीडेकशे फोटो घेऊन घरातल्या ज्येष्ठांकडे आधी जा, संगणकाकडे मागाहून. छापील प्रती मोठ्या करून न्या, मोबाइलच्या पडद्यावर ऐंशी वर्षांच्या डोळ्यांना काही दिसत नाही. आवाज रेकॉर्ड करा. 'हे कोण?' असा प्रश्न पहिलाच विचारला की माणूस परीक्षेला बसल्यासारखा अवघडतो आणि 'आठवत नाही' म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी विचारा, हे घर कुणाचं, फोटो काढला कुणी असेल, ही खुर्ची पुढे कुठे गेली. खुर्चीवरून गोष्ट निघते आणि गोष्टीत नावं असतात. दोन ज्येष्ठांना वेगवेगळं गाठा. एकत्र बसवलं तर मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण खरी ठरते.

उत्तराची नुसती वाट बघण्यापेक्षा तुम्हीही शोधायला निघा. नाव कळलं असेल तर त्या व्यक्तीच्या निधनाची वर्तमानपत्रातली बातमी शोधा. 'मागे अमुक अमुक परिवार' अशी यादी तिथे मिळते, आणि तिथून पुढच्या पिढीत उतरता येतं. वंशज सापडला की पहिला निरोप चार ओळींचा ठेवा: मी कोण, फोटो माझ्याकडे कसा आला, त्यावर काय लिहिलंय, आणि मला काही नको. सोबत एक छोटी प्रत. अनोळखी माणूस मेलेल्या आजीचा फोटो घेऊन दारात आला की पहिला संशय फसवणुकीचाच येतो, त्यात त्यांचं काही चुकत नाही. कुणी 'नको' म्हणालं तर तेही ऐकून घ्या. मूळ फोटो देणार असाल तर दोन्ही बाजूंचा स्कॅन झाल्याशिवाय हातावेगळा करू नका. त्याच्या पाठीवर काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या थराच्या प्रिंटवर पेन्सिल उमटत नाही, तिथे लिफाफ्यावर लिहा.

आणि कुणी 'हो, ही माझीच आजी' असं कळवलं, की आभाराच्या बदल्यात त्यांच्या घरातल्या फोटोंच्या पाठी मागून घ्या. शाळेचा तोच गटफोटो आणखी कुणाच्या तरी कपाटात असणार, आणि त्याच्या पाठीवर तुमच्याकडे नसलेली नावं असतील. 140 पैकी आज एकच करायला वेळ असेल तर 37 करा. पाठ स्कॅन करा, आठ नावं दोन्ही लिप्यांत लिहा, आणि पहिला निरोप शाळेला पाठवा.